वाट मोकळी ठेवण्याची नोकरी

स्कॉटलंडमधील लॉख आर्ड या सरोवराजवळच्या एका खासगी इस्टेटीच्या फाटकांना अनेक वर्षे कुलूप होते. भोवती हरणांना अडविण्यासाठी घालतात तसले उंच कुंपण होते आणि सोबत एक पाटी होती : ‘धोका, रानडुकरे’. अशी पाटी वाचल्यावर पुढे जाण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. हा परिसर लॉख लोमंड आणि ट्रॉसाक्स राष्ट्रीय उद्यानात येतो. कुलपे काढावीत आणि पाटी उतरवावी, अशी नोटीस उद्यानाच्या प्राधिकरणाने मालकाला बजावली. मालक न्यायालयात गेला. शेरिफ कोर्टात, म्हणजे तिथल्या स्थानिक न्यायालयात, तो जिंकला. अपिलात हरला. पुन्हा वर दाद मागितली गेली आणि अखेर २०१८ मध्ये ‘कोर्ट ऑफ सेशन’ या स्कॉटलंडच्या वरिष्ठ दिवाणी न्यायालयाने उद्यानाच्या बाजूने निकाल दिला. फाटक कायदा होण्याआधीपासून बंद आहे, हा बचाव टिकला नाही. लोकांना रोखण्यासाठी ते आजही बंद ठेवणे हेच बेकायदा, असा त्या निकालाचा अर्थ होता.

एका कुलपासाठी एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न आपल्याकडील वाचकाला पडेल. त्याचे उत्तर ‘अ‍ॅक्सेस ऑफिसर’ या फारशा परिचित नसलेल्या पदात आहे. या पदाला मराठीत नेमका शब्द नाही. ‘प्रवेश अधिकारी’ म्हटले तर महाविद्यालयातील अर्जांची खिडकी डोळ्यांसमोर येते. डोंगर, माळ, जंगल आणि नदीकाठ यांवर सामान्य माणसाला फिरण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे, तो कागदावरच राहू नये म्हणून नेमलेला हा सरकारी नोकर. त्याच्या हाताखाली फौजफाटा नसतो. दंड ठोकण्याचा अधिकारही जवळजवळ नसतोच. दूरध्वनी, नकाशा, चिखलात चालणारी गाडी आणि गोड बोलण्याची चिकाटी एवढ्या भांडवलावर तो काम करतो.

उद्यान, पण लोकवस्तीचे

‘राष्ट्रीय उद्यान’ या शब्दाने आपल्या मनात जे चित्र उभे राहते ते येथे बाजूला ठेवावे लागते. बोरिवलीचे किंवा ताडोबाचे उद्यान ही प्रामुख्याने सरकारी वनजमीन असते आणि आत जायला तिकीट लागते. ब्रिटनमधील राष्ट्रीय उद्यानांत गावे आहेत, शेते आहेत, शाळा आणि दुकाने आहेत. जमीन बव्हंशी खासगी मालकांची, वन खात्याची किंवा विश्वस्त संस्थांची असते. उद्यान प्राधिकरणाच्या स्वतःच्या मालकीची जमीन अगदीच थोडी. लॉख लोमंड आणि ट्रॉसाक्स हे २००२ मध्ये स्थापन झालेले स्कॉटलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. ग्लासगो शहर इतके जवळ की स्कॉटलंडची सुमारे निम्मी लोकसंख्या येथून तासाभराच्या प्रवासाच्या अंतरावर राहते. रविवारी ऊन पडले की निम्मे ग्लासगो बेन लोमंडच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा शोधत असते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडीच असेल.

म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर तिसऱ्याला चालू द्यायचे आणि मध्ये उभे राहायचे, असे हे काम आहे.

त्यामागे २००३ चा भूमी सुधारणा कायदा आहे. त्याचा पहिला भाग फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला. या कायद्याने स्कॉटलंडमधील जवळजवळ सर्व जमिनीवर आणि अंतर्गत जलाशयांवर प्रत्येकाला मनोरंजनासाठी, शिकण्यासाठी किंवा नुसते पलीकडे जाण्यासाठी वावरण्याचा हक्क दिला. पायी, सायकलवर, घोड्यावर, होडीतून. मोटारीने मात्र नाही. तंबू ठोकून रात्र काढणेही त्यात आले. अट एकच, वर्तन जबाबदारीचे हवे. घर आणि त्याभोवतीची खासगीपणापुरती जागा, शाळेचे आवार, उभे पीक असलेले शेत एवढे वगळले आहे. शेताच्या बांधावरून मात्र जाता येते. गोल्फच्या मैदानातूनही ओलांडून जाता येते, फक्त ‘ग्रीन’वर पाय ठेवायचा नाही. ज्या देशात गोल्फ जन्मला असे मानतात, तेथे हे कलम लिहिणाऱ्यांनी किती काळजी घेतली असेल याची कल्पना करावी.

कायद्याच्या तेराव्या कलमाने हा हक्क राखण्याची आणि वाटा अडथळ्यांविना मोकळ्या ठेवण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. बत्तीस कौन्सिले आणि दोन राष्ट्रीय उद्याने अशी चौतीस प्राधिकरणे त्यासाठी आहेत. त्यांच्याकडील अ‍ॅक्सेस ऑफिसरची नेमणूक या कर्तव्यातून होते. चौदावे कलम जमीनमालकासाठी आहे. लोकांना रोखणे हाच मुख्य हेतू ठेवून पाटी लावणे, कुंपण घालणे, जनावर मोकळे सोडणे त्याला मना आहे. लॉख आर्डची नोटीस याच कलमाखालची.

कोकरू आणि गुरांची वाट

हा हक्क एका रात्रीत मिळाला नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे डोंगर श्रीमंतांच्या शिकारीसाठी राखले जाऊ लागले आणि मेंढपाळ, गुराखी, वनस्पती गोळा करणारे विद्यार्थी या साऱ्यांच्या वाटा बंद होऊ लागल्या. वाटांचे हक्क जपण्यासाठी एडिंबरा येथे १८४५ मध्येच एक संस्था स्थापन झाली होती. ब्रेमारहून क्लोव्हाकडे जाणारी, ग्लेन डोल या दरीतील गुरांची जुनी वाट मालकाने अडविली तेव्हा या संस्थेने खटला भरला. गुरे हाकणारे म्हातारे साक्षीला आले. आपण या वाटेने किती वर्षे कळप नेले ते त्यांनी शपथेवर सांगितले. १८८८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये संस्था जिंकली, पण खर्चाने तिची तिजोरी रिकामी झाली.

याच काळातला दुसरा खटला कोकराचा. किनटेलच्या डोंगरात विनन्स नावाच्या अमेरिकन धनाढ्याने शिकारीसाठी विस्तीर्ण रान भाड्याने घेतले होते. मॅक्रे आडनावाच्या एका गरीब शेजाऱ्याचे पाळीव कोकरू त्या रानात चरायला गेले म्हणून त्याने थेट न्यायालयात मनाई हुकूम मागितला. १८८५ मध्ये तो फेटाळला गेला. इतक्या क्षुल्लक, नुकसान न करणाऱ्या गोष्टीसाठी मनाई देता येणार नाही, असे न्यायालयाचे मत पडले. हा खटला तसा चालण्याच्या हक्काचा नव्हता. तरीही जमिनीची मालकी म्हणजे माणसाला हाकलण्याचा निरंकुश अधिकार नव्हे, हे सांगताना तो आजही आठवला जातो. जेम्स ब्राइस या खासदाराने १८८४ मध्ये डोंगर सर्वांना खुले करण्याचे विधेयक आणले. ते पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि एकदाही मंजूर झाले नाही. ब्राइस यांचे विधेयक आणि २००३ चा कायदा यांत जवळपास सव्वाशे वर्षे गेली.

फोन वाजतो तेव्हा

अ‍ॅक्सेस ऑफिसरच्या दिवसाची सुरुवात बहुधा तक्रारीने होते. कुणाला फाटक बंद मिळाले. कुणाला ‘खासगी, आत येऊ नये’ ही पाटी दिसली. वाटेवर विजेच्या तारेचे कुंपण आले, वादळात झाडे आडवी पडली, वृक्षतोड सुरू असल्याने रस्ता अडविला आणि तोड संपून महिना झाला तरी अडसर तसाच आहे. दुसऱ्या बाजूनेही फोन येतात. कुत्र्याने मेंढी फाडली. कुणी अंगणातून गेले. गुरांच्या पाणवठ्यावर तंबू पडला आहे.

प्रत्येक तक्रारीत पहिले काम जागेवर जाऊन पाहण्याचे. फाटकाला कुलूप आहे म्हणजे मालक लबाड आहे असे होत नाही. गुरे रस्त्यावर येऊ नयेत म्हणून, रात्री डिझेल चोरीला जाते म्हणून किंवा आपल्या आजोबांनी ते लावले म्हणूनही कुलूप असते. अनेकदा मालकाला कायदा नेमका माहीत नसतो. अशा वेळी अधिकारी चहा पिऊन परततो आणि आठवड्याने त्या मोठ्या फाटकाशेजारी माणूस जाईल, गाय जाणार नाही, असे छोटे झुलते फाटक बसलेले असते. खर्चाचा काही भाग प्राधिकरण उचलते. पायऱ्यांचा घडवंचीसारखा चढ-उतार बसविणे स्वस्त पडते. पण म्हातारी माणसे, बाबागाडी आणि चाकाची खुर्ची त्यावरून जात नाही, म्हणून हल्ली आपोआप मिटणाऱ्या फाटकाचा आग्रह धरला जातो. त्याच्या बिजागरीची उंची, खिट्टीचा प्रकार, पलीकडे वळायला लागणारी जागा यांवरही वाद होतात.

सर्वांत नाजूक प्रश्न घराच्या अंगणाचा. कायदा म्हणतो की, घरात राहणाऱ्याला वाजवी खासगीपणा मिळेल एवढी जागा वगळावी. एवढी म्हणजे किती, हे कलमात लिहिलेले नाही. २००७ मध्ये पर्थजवळच्या एका वाड्याच्या मालकिणीने घातलेले मोठे कुंपण शेरिफ कोर्टाने मान्य केले. घर जितके भव्य आणि मालक जितका प्रसिद्ध तितकी जास्त जागा त्याला लागणार, असा त्याचा सूर होता आणि चालणाऱ्यांच्या संघटना त्यावर नाराज झाल्या. पुढच्याच वर्षी स्टर्लिंगजवळील एका मालकाने सुमारे सत्तर एकरांवर असाच दावा सांगितला. तेथे कोर्टाने घराभोवतीचा लहान भागच त्याला दिला आणि उरलेली जमीन लोकांना खुली ठरविली. या दोन निकालांच्या मधल्या पट्ट्यात अधिकाऱ्याला प्रत्येक वेळी आपला अंदाज बसवावा लागतो. खिडकीतून किती दिसते, झाडी मध्ये आहे का, जुनी वाट कुठून जाते, हे पाहत तो उभा असतो.

प्रत्येक प्राधिकरणाला स्थानिक मंच नेमावा लागतो. त्यात शेतकरी, जमीनदार, चालणारे, सायकलस्वार, घोडेस्वार असे सारे एका टेबलाभोवती बसतात. पुष्कळ भांडणे तिथेच निवळतात. शिवाय ‘कोअर पाथ’ नावाच्या मुख्य वाटांचा आराखडा करून तो लोकांपुढे ठेवणे, हरकती ऐकणे, नकाशे दुरुस्त करणे हे कागदी काम वर्षानुवर्षे चालते. नोटीस, मग कोर्ट, हा शेवटचा उपाय. लॉख आर्डसारखे प्रकरण लढायचे म्हणजे वकिलांच्या फीचा धोका पत्करायचा. छोट्या कौन्सिलांना तो परवडत नाही आणि ते मालकांनाही ठाऊक असते. वाटांच्या हक्काचा खरा कस कायद्याच्या पुस्तकात लागत नाही, तो या अंदाजपत्रकात लागतो, अशी चालणाऱ्यांच्या संघटनांची तक्रार आहे आणि ती खोटी म्हणता येणार नाही.

बुटांखालचा डोंगर

वाट मोकळी झाली की दुसरे काम सुरू होते, ती टिकविण्याचे. स्कॉटलंडमध्ये पावसाला तोटा नाही आणि डोंगरावरची माती बरीचशी दलदलीसारखी. हजारो बुटांनी गवत मेले की पाणी त्या खाचेतून वाहू लागते. चालणारा चिखल टाळून बाजूने जातो, मग बाजूचेही गवत मरते. पाहता पाहता हातभर रुंदीची पायवाट बैलगाडीच्या रस्त्याएवढी पसरते आणि दूरवरून डोंगरावर ओरखडा दिसू लागतो. ९७४ मीटर उंचीच्या बेन लोमंडवर आणि तुलनेने बुटक्या पण लोकप्रिय अशा कॉनिक हिलवर हे अनेकांनी पाहिले आहे.

त्यावरचा उपाय जुना आणि कष्टाचा आहे. डोंगराच्या अंगचेच दगड घेऊन पायऱ्यांसारखी फरसबंदी करायची, दर काही अंतरावर तिरकी नाली काढून पाणी बाहेर सोडायचे. आपल्या गडांच्या जुन्या पायवाटा पाहिलेल्याला हे तंत्र नवे वाटणार नाही. जवळ दगड नसतील तर हेलिकॉप्टरने पोती भरून वर न्यावे लागतात आणि मग एका छोट्या टप्प्याचा खर्चही डोळे विस्फारणारा होतो. नाल्या तुंबल्या नाहीत ना, हे पाहायला स्वयंसेवक फावडी घेऊन चढतात. अधिकारी या कामाची जागा ठरवितो, पैसा जमवितो आणि कंत्राटदाराचे दगड मोजतो.

मिलंगाव्ही ते फोर्ट विल्यम ही सुमारे १५४ किलोमीटरची ‘वेस्ट हायलँड वे’ ही पदयात्रेची वाट १९८० मध्ये अधिकृतपणे खुली झाली. ती लॉख लोमंडच्या पूर्व काठावरून, मुळांच्या आणि खडकांच्या जाळ्यातून जाते. जगभरचे लोक ती पूर्ण करण्यासाठी येतात. वाटेतील गावांचे चहापान, खोल्या, सामान पोहोचविण्याच्या गाड्या या साऱ्यांचा संसार तिच्यावर चालतो. म्हणून एखादा पूल वाहून गेला की अधिकाऱ्याला पहिला फोन हौशी चालणाऱ्याचा येत नाही, हॉटेलवाल्याचा येतो.

फाटक उघडणाराच अडवितो

इथवर गोष्ट सरळ आहे. पण लॉख लोमंडच्या अ‍ॅक्सेस ऑफिसरच्या पाठीवर एक उलटे ओझेही आहे.

सरोवराच्या पूर्व काठावर उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी शेकडो तंबू पडत. ग्लासगोहून दारूच्या पेट्या येत. जिवंत झाडे तोडून शेकोट्या पेटत आणि सोमवारी तंबू, खुर्च्या, बाटल्या तिथेच टाकून मंडळी परतत. नैसर्गिक विधींचा विषय तर न बोललेलाच बरा. स्थानिक रहिवासी वैतागले. जबाबदारीच्या वर्तनाची जी संहिता आहे तिच्यात तंबू हलका, माणसे थोडी, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही, विष्ठा पाण्यापासून किमान तीस मीटर दूर पुरावी, असे सारे लिहिलेले आहे. ती वाचायची तसदी घेणारा माणूस मुळात असा वागत नाही.

मग २०११ मध्ये पूर्व काठावर नियम आले आणि १ मार्च २०१७ पासून ते आणखी काही सरोवरकाठांवर लागू झाले. मार्च ते सप्टेंबर या काळात तेथे परवान्याशिवाय किंवा अधिकृत जागेबाहेर तंबू टाकणे गुन्हा ठरले, पाचशे पौंडांपर्यंत दंडाचा. क्षेत्र उद्यानाच्या सुमारे ४ टक्केच. पण लोकांना हवा असतो तोच हा पाण्याकाठचा पट्टा. डोंगरात आणि उरलेल्या रानात जुना हक्क तसाच राहिला.

चालणाऱ्यांच्या आणि गिर्यारोहकांच्या संघटनांनी याला कडाडून विरोध केला. घाण करणे, झाडे तोडणे, दंगा घालणे हे सारे आधीच्या कायद्यांनीही गुन्हेच होते. ते न राबविता पाठीवर पिशवी घेऊन एकटा फिरणाऱ्या सभ्य माणसालाही परवान्याच्या रांगेत उभे केले, असा त्यांचा आक्षेप. प्राधिकरणाचे म्हणणे असे की, पोलीस दर शनिवारी रात्री काठावर येऊ शकत नाहीत आणि नियम लागू झाल्यावर काठ सावरला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. स्कॉटलंडचा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा असा की, निसर्गरक्षण आणि लोकांचा आनंद यांत खरोखर विरोध आला तर पारडे निसर्गाकडे झुकवावे. त्यामुळे एकाच कार्यालयातून आठवड्याच्या सुरुवातीला मालकाला ‘फाटक उघडा’ असे पत्र जाते आणि आठवड्याच्या अखेरीस त्याच कार्यालयाचे रेंजर काठावर तरुणांना ‘परवाना दाखवा’ म्हणतात. २०२० मध्ये टाळेबंदी उठल्यावर कधी डोंगर न पाहिलेली माणसे मोठ्या संख्येने आली, तेव्हा हा ताण सगळ्यांना दिसला. अरुंद रस्ते गाड्यांनी अडले आणि जागोजागी ‘परत जा’ अशा हाताने लिहिलेल्या पाट्या झळकल्या. त्या उतरविण्याचे कामही अर्थात अ‍ॅक्सेस ऑफिसरकडेच.

गुरे आणि कुत्री हा तिसरा कायमचा विषय. वासरू असलेली गाय कुत्रा पाहून अंगावर धावते. अशा वेळी कुत्र्याला सोडून द्यावे आणि स्वतः शांतपणे बाजूला व्हावे, असे संहिता सांगते. घाबरलेला माणूस नेमके उलटे करतो. मेंढ्यांवर कुत्रे गेल्यास मालकाला २०२१ पासून चाळीस हजार पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभराची कैद होऊ शकते.

नकाशावरचा हक्क

इंग्लंड आणि वेल्समधील त्याच्या सहकाऱ्याचे काम निराळ्या जातीचे आहे. तिथे हक्क माणसाच्या वर्तनावर नाही, नकाशावरील रेघेवर उभा आहे. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावले. त्यावर रेघ असली की हक्क निर्विवाद, नसली की पुरावे गोळा करा. जुने सनदी नकाशे, रेल्वेचे आराखडे, वीस वर्षे त्या वाटेने गेलेल्या लोकांची निवेदने यांत अधिकारी बुडालेला असतो. २००० च्या कायद्याने माळ आणि डोंगराचा काही भाग खुला केला खरा, पण तो इंग्लंडच्या भूमीच्या सुमारे ८ टक्केच. त्याच कायद्याने इंग्लंडमध्ये नोंद न झालेल्या जुन्या वाटांसाठी १ जानेवारी २०२६ ही अखेरची तारीख ठेवली होती. चालणाऱ्यांच्या संघटनेने २०२० मध्ये जुने नकाशे चाळले तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये ४९ हजार मैलांहून अधिक वाटा नोंदीबाहेर असल्याचे आढळले. पुढे मुदत २०३१ पर्यंत वाढली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती मुदतच रद्द करण्याचा इरादा सरकारने जाहीर केला.

तंबूचा वाद तिथेही पेटला. डार्टमूर राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकण्याचा हक्क जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने नाकारला, जुलैत अपील न्यायालयाने परत दिला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. १९८५ च्या स्थानिक कायद्यातील ‘मोकळ्या हवेतील मनोरंजन’ या शब्दांत झोप येते की नाही, यावर तीन न्यायालयांनी खल केला.

वीस वर्षांच्या वहिवाटीचा हा हिशेब आपल्याला परका नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही वाटेचा हक्क वीस वर्षांच्या वापराने पक्का होतो आणि शेताची वहिवाटीची वाट कुणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. फरक हेतूचा आहे. आपल्याकडील वाट शेतापर्यंत, विहिरीपर्यंत पोहोचण्यासाठी असते. नुसते हिंडण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीवर जाण्याचा हक्क आपल्या कायद्याने कुणाला दिलेला नाही. सह्याद्रीत भटकणाऱ्यांचे सारे काही गावकऱ्यांच्या भलेपणावर आणि वन खात्याच्या मर्जीवर चालते.

या नोकरीसाठी भूगोल, पर्यावरण किंवा ग्रामीण व्यवस्थापन यांतली पदवी, संगणकावरील नकाशांची ओळख आणि वाहन चालविण्याचा परवाना मागतात. बरेच जण आधी रेंजर म्हणून काही वर्षे काढतात. जागा थोड्या असतात, कारण एका प्राधिकरणाला असे अधिकारी मोजकेच लागतात आणि आर्थिक चणचण आली की पहिली कात्री अशाच पदांवर चालते. जाहिरातीत न लिहिलेली पात्रता म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे पुन्हा जाता येणे.

उदाहरणार्थ, वसंतात मेंढ्या वितात. त्या काळात कुत्री आणू नका, पलीकडच्या कुरणातून जा, अशी तात्पुरती पाटी लावायला शेतकऱ्याला मुभा आहे आणि अधिकारीच ती छापूनही देतो. पाटीवर तारीख घालावी, काम संपले की ती उतरवावी, एवढीच अपेक्षा. कोकरे मोठी होतात, जून उलटतो, पाटी फाटकावर तशीच राहते. मग एखादा चालणारा तिचे छायाचित्र कार्यालयाला पाठवितो आणि अधिकारी शेतकऱ्याला फोन लावतो.